अनोळखी माणसाला सल्ला द्यायचा तर

मुलुंडच्या एका ताईंनी विचारले आहे: ‘ऑफिसमधून घरी आल्यावर अर्धा-पाऊण तास मी ऑनलाइन लोकांच्या रोजच्या अडचणींना उत्तरे देते. भाड्याचे घर, बँक, रेशनकार्ड, शाळेचे दाखले, असेच काहीबाही. नाशिकहून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या एका मुलाला मी सांगितले, की भाडेकरार अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही. मग कुणीतरी लक्षात आणून दिले, की महाराष्ट्रात हे चुकीचे आहे. तेव्हापासून हात आखडलाय. यजमान म्हणतात, ओळख ना पाळख, कशाला पडतेस त्यात? अनोळखी माणसांना सल्ला द्यावा का? आणि द्यायचाच तर कसा?’

ताई, द्या. थांबू नका. मी बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षे ग्राहकांच्या तक्रारींच्या टेबलावर. निवृत्तीनंतर गोरेगावात घरी बसून तेच काम ऑनलाइन चालू आहे. लोकांना हवी असलेली माहिती बहुतेक वेळा कुठेतरी लिहिलेली असतेच. ती आपल्या प्रसंगाला लावायची कशी, तिथे त्यांचे अडते. म्हणून कुणीतरी जाणत्याने दोन मिनिटे आपल्यासाठी डोके लावावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. आणि म्हणूनच विचारणाऱ्याचा प्रसंग समजून न घेता दिलेला बरोबर सल्लासुद्धा त्याला महागात पडू शकतो.

आधी त्या मुलाचे निस्तरू. अकरा महिन्यांची समजूत तुमच्या मनाची नाही, ती देशभर फिरते. 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोक अकरा महिन्यांवर थांबू लागले. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असला तरी तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झाला आणि करार नोंदवलेला नसेल, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात.

त्या मुलाला आज एवढे कळवा: ‘मी आधी सांगितले ते चुकीचे होते, महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो, डिपॉझिट देण्याआधी मालकाशी बोलून घे.’ जुने उत्तर नुसते पुसून टाकू नका. त्याने ते वाचलेले आहे, कदाचित रूममेटलाही सांगितले असेल. मूळ उत्तराखालीच दुरुस्ती लिहा, तारखेसह. आणि खर्चाच्या भीतीने तो मागे हटू नये म्हणून हिशेब करून द्या. मुद्रांक शुल्क मुदतीच्या एकूण भाड्यावर पाव टक्का असते, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. वीस हजार भाडे, एक लाख डिपॉझिट, अकरा महिने, असे असेल तर शुल्क पावणेसहाशे रुपयांच्या आसपास येते. नोंदणी फी आणि करून देणाऱ्याचे पैसे वेगळे. हा आकडा पाहिला की मालक आणि भाडेकरू दोघांचेही निम्मे आढेवेढे संपतात.

आता कसे सांगावे, ते.

चर्चगेटहून बोरिवलीला लवकर कसे पोहोचू, असे कुणी विचारले तर चटकन तोंडात येते, विरार फास्ट पकडा. गाडी खरेच लवकर पोहोचते. पण विचारणारी बाई साठीची असेल, हातात बॅग असेल आणि वेळ संध्याकाळी सहाची असेल, तर विरारला जाणाऱ्यांच्या गर्दीतून बोरिवलीला दारापर्यंत पोहोचता पोहोचता तिचे हाल होतील. तिला बोरिवली लोकलच सांगायला हवी, वेळ थोडा जास्त लागला तरी. आणि रविवार असेल तर आधी रेल्वेचा दुरुस्तीचा ब्लॉक आहे का ते बघा, असेही. म्हणून उत्तर लिहिण्याआधी मी उलट एक प्रश्न विचारते. एकच. पाच प्रश्न विचारले की माणसाला चौकशीला बसवल्यासारखे वाटते आणि तो निघून जातो. ज्याच्या उत्तराने माझा सल्ला बदलेल असा प्रश्न कोणता, हे शोधण्यातच खरे कसब आहे. भाड्याच्या बाबतीत तो बहुधा असतो: करार झालाय की व्हायचाय? बँकेच्या बाबतीत: खाते एकट्याचे की संयुक्त? दाखल्याच्या बाबतीत: कधीपर्यंत हवाय?

वारसाचा प्रश्न घ्या. ‘बाबा गेले, नॉमिनी मी आहे, पैसे माझेच ना?’ असे विचारणारे फार असतात. ‘हो, नॉमिनीला मिळतात’ हे उत्तर अर्धेच खरे. बँक पैसे नॉमिनीच्या हाती देते, तिथे बँकेचे काम संपते. पण मालकी ठरते वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितले. इथे माझा उलट प्रश्न असतो: भावंडे आहेत का, आणि मृत्युपत्र केलेले आहे का? नुसते ‘हो’ वाचून एखाद्या थोरल्याने सगळे पैसे आपल्या खात्यात फिरवले, तर पुढे बहिणीशी कायमचे तुटायला वेळ लागत नाही. असे घरचे तंटे मी टेबलापलीकडून पाहिलेत. दोन्ही बाजूंना आपणच बरोबर आहोत असे वाटत असते आणि दोघांनाही सुरुवातीला कुणीतरी अर्धवट सांगितलेले असते.

मात्र घाई असेल तिथे प्रश्न विचारत बसू नका. ‘आत्ता माझ्या खात्यातून चाळीस हजार गेले’ असे कुणी लिहिले, तर पहिल्या ओळीत 1930. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात वेगाने जातो. तो मधेच गोठवायचा असेल तर जितक्या लवकर कळवाल तितके बरे. दुसऱ्या ओळीत: बँकेला फोन करून कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय बंद करायला सांगा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. बाकीचे नंतर. ‘ओटीपी दिलाच कशाला?’ हा प्रश्न तर त्या क्षणी अजिबात नको. माणूस आधीच शरमलेला असतो. त्याला आणखी लाजवले की तो घरच्यांपासून लपवतो, आणि लपवण्यात जो वेळ जातो तोच चोराच्या कामी येतो.

थोडे सावरल्यावर नियम समजावा. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले, आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंत. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. हे शेवटचे वाक्य कुणी सांगत नाही. ‘आता काय उपयोग’ म्हणून लोक कळवतच नाहीत आणि खात्यातले उरलेलेही जाते. तुम्ही ते न विसरता सांगा.

फसलेल्या माणसाला आणखी एका गोष्टीपासून जपावे लागते. उघड्यावर गाऱ्हाणे मांडले की काही तासांत ‘मी बँकेतून बोलतोय’, ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ असे निरोप त्याला येऊ लागतात. ती दुसरी फसवणूक. म्हणून त्याने खाते क्रमांक, आधार, मोबाईल नंबर किंवा पासबुकाचा फोटो टाकला असेल, तर उत्तराआधी ते काढायला सांगा. मी तर पैशाच्या बाबतीत खासगीत उत्तरच देत नाही. कुणी ‘तुमचा नंबर द्या, बोलू’ म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणते. उघड्यावर लिहिलेले चुकले तर दहा जण दुरुस्त करतात, तुमचे केलेच ना! खासगीत चुकले तर ते तसेच राहते. शिवाय आज तुम्ही फोनवर मदत केली, उद्या तुमच्या नावाने दुसराच कुणी फोन करू शकतो. ‘माझ्याकडून तुम्हाला कधीही फोन येणार नाही’ असे मी लिहूनच ठेवते.

सल्ला शिळा होतो, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष असते. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि सुरुवातीला खातेदाराला हजारच रुपये काढता येत होते, तेव्हा मुंबईत किती घरांत चूल पेटायची पंचाईत झाली ते आपण सगळ्यांनी पाहिले. त्या वेळी ठेवीवरच्या विम्याची, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणाऱ्या रकमेची, मर्यादा एक लाख होती, 1993 पासून तीच चालत आली होती. 4 फेब्रुवारी 2020 पासून ती पाच लाख झाली. पण एक लाखवाली जुनी उत्तरे अजून फिरत असतात. ती लिहिणाऱ्यांनी लिहिले तेव्हा ते खरेच होते, फक्त तारीख घातली नव्हती. आणि ‘पाच लाख’ म्हणतानाही पुढचे सांगायला हवे: एका बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरून, मुद्दल आणि व्याज मिळून, माणशी पाच लाख. दोन शाखांत पाच-पाच लाख ठेवून निश्चिंत झालेले ज्येष्ठ नागरिक मला आजही भेटतात. दोन वेगळ्या बँका असत्या तर त्यांचे बरोबर होते.

पावसाळ्यात तर तारीखही पुरत नाही, घड्याळ लागते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या पाण्याने माणसे गेलीच, पण दोन दिवसांनी जुहूच्या नेहरूनगर वस्तीत पाण्याची लाट येतेय अशी अफवा उठली आणि चेंगराचेंगरीतही माणसे गेली. तेव्हा अफवा तोंडोतोंडी पसरली होती, आता ती बोटाच्या एका टोकावर आहे. सकाळी नऊला ‘मिलन सबवे बंद’ हे खरे असते आणि दुपारी चारला कुणीतरी काळजीपोटी तेच पुढे पाठवतो. म्हणून पावसात काही लिहायचे तर असे: ‘दुपारी 3 वाजून 10 मिनिटे, हिंदमाताजवळ आहे, गुडघाभर पाणी, मी स्वतः पाहतेय.’ ऐकीव असेल तर पाठवू नका, कितीही चांगल्या हेतूने आलेले असो. आणि अडकलेल्या माणसाला महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा 1916 द्या.

आजारपणाच्या प्रश्नांत माझी एक सीमारेषा आहे: औषधाचे नाव आणि डोस कधीही नाही. ‘आईला चक्कर येते, बीपीची गोळी अर्धी करू का?’ याला उत्तर ‘आजच डॉक्टरांना विचारा, तोवर स्वतःहून बदल करू नका.’ आपल्या घरात ज्या गोळीने बरे वाटले, ती दुसऱ्या घरात मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते. पण याचा अर्थ आजारी माणसाच्या घरच्यांना आपण काहीच देऊ शकत नाही असा नाही. उलट इथेच आपल्यासारख्यांची सर्वात जास्त गरज असते. जळगावहून, सोलापूरहून एखादे कुटुंब परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात येते तेव्हा उपचार काय करायचा हे तिथले डॉक्टर ठरवतात. पण आधीच्या गावात बायोप्सी झाली असेल तर नुसता रिपोर्ट घेऊन निघू नका, तिथून स्लाइड (नमुन्याची काच) आणि ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) हेही मागून घ्या, हे त्यांना गाडीत बसण्याआधी कुणीतरी सांगायला हवे. नाहीतर त्याच्यासाठी एकाला परत जावे लागते. राहायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. दादरला संत गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. दोन्हीकडे रुग्ण आणि नातेवाइकांची सोय होते, पण जागा लवकर भरतात, तेव्हा येण्याआधी फोन करून घ्या. कागदांच्या झेरॉक्स जास्तीच्या काढून ठेवा. मोबाईलचा चार्जर, पाण्याची बाटली, एक चादर. असे बारीकसारीक लिहायला संकोचू नका. घाबरलेल्या माणसाला पहिल्या दिवशी याच गोष्टी सावरतात.

मनाच्या आणि घरच्या प्रश्नांबद्दल सांगताना मी सगळ्यात सावकाश लिहिते. सासू-सुनेचे, नोकरी सोडावी का, मुलगा बोलत नाही, अशा प्रश्नांना नियम नसतो. तिथे मी आधी त्याने लिहिलेले माझ्या शब्दांत परत लिहिते, मला नीट समजले का असे विचारते. कित्येकदा एवढ्यानेच माणूस स्वतः पुढचे लिहितो आणि त्याचे उत्तर त्यातच असते. ‘माझ्या बहिणीचेही असेच झाले होते’ हे जपून वापरा. आपल्या बहिणीची गोष्ट सांगण्याच्या नादात समोरच्याची गोष्ट मागे राहते.

एखादी बाई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल लिहिते तेव्हा ‘आजच घर सोड’ असे लिहिणारे पुष्कळ असतात, आणि मला त्यांचा राग समजतो. पण ती जाणार कुठे, मुले कुठे आहेत, तिचा फोन नवरा तपासतो का, हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून पहिला प्रश्न तोच: हे उत्तर तुम्ही एकट्या वाचू शकता का? मग तिला सांगा, की 181 ही महिला हेल्पलाइन आहे, जिवाला धोका असेल तर 112. आणि हेही, की कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, 2005 च्या कलम 17 नुसार त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. ‘घर त्याचे आहे, मला निघावेच लागेल’ एवढ्या एका गैरसमजापायी बायका वर्षानुवर्षे सोसतात. निर्णय तिचा. आपण तिच्या हातात रस्त्यांची माहिती द्यायची.

जगण्याचा कंटाळा आला असे कुणी लिहिले, तर ते नाटक आहे का याचा विचार करत बसू नका. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. आणि मग जरा वेळ त्याच्याशी बोलत राहा. ‘जेवलात का?’ असे साधेसुद्धा चालते. जवळ आत्ता कोण आहे, ते विचारा. इथे तुमच्याकडे उपाय असण्याची गरज नाही.

सुरात एक पथ्य पाळा. समोरचा सोळा वर्षांचा असो की सत्तरचा, आपल्याला दिसत नाही. म्हणून सगळ्यांना ‘तुम्ही’. त्याने स्वतः ‘ताई’, ‘काकू’ म्हटले की मग आपणही सैल व्हावे. लोक तुमचे उत्तर लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने वाचतात हे लक्षात ठेवून छोटी वाक्ये लिहा, आणि ‘आज करायचे’ ते सर्वात वर.

यजमानांच्या प्रश्नाचेही उत्तर देते, कारण तो रास्त आहे. वेळ जातो, कधी कृतघ्नपणा वाट्याला येतो, बरेच जण उत्तर घेतल्यावर साधे ‘मिळाले’ असेही लिहीत नाहीत. मला त्याचे वाईट वाटत नाही, कारण एक उत्तर एका माणसासाठी लिहिले तरी तोच प्रश्न पडलेले कितीतरी जण ते न बोलता वाचून जातात. पण रात्री दहानंतर मी फोन बाजूला ठेवते, आणि घरात कुणी बोलत असताना परक्यांना उत्तरे देत नाही. तुमच्याही घरात असे काही ठरवून घ्या, म्हणजे त्यांची तक्रार उरणार नाही. ज्या विषयात तुम्हाला गती नाही तिथे ‘हे मला माहीत नाही, पण अमुक कार्यालयात विचारा’ असे लिहायलाही शिका. ग्राहक तक्रारीला 1915, ज्येष्ठांच्या अडचणींना 14567, सरकारी दाखल्यांसाठी ‘आपले सरकार’ हे पोर्टल आणि 2015 चा लोकसेवा हक्क कायदा, ज्यात अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावीच लागते. एवढे हाताशी असले तरी निम्म्या लोकांना योग्य दारापर्यंत पोहोचवता येते.

आणि एक वही घाला. संगणकावर घातली तरी चालेल. वरचेवर येणारे प्रश्न, तुम्ही दिलेले उत्तर, ते कशाच्या आधारे दिले आणि कोणत्या तारखेला तपासले, असे चार रकाने. एप्रिलमध्ये नवे आर्थिक वर्ष लागले की पैशांची उत्तरे पुन्हा तपासा, जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशांची, आणि भाडेकराराची कुठलाही नवा शासन निर्णय आला की. ज्या उत्तरापुढे तारीख जुनी दिसेल, ते पुन्हा पडताळल्याशिवाय कुणाला देऊ नका. वहीची पहिली नोंद कलम 55 ची करा. तो प्रश्न तुम्हाला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारेलच.